कोल्हापुराहून अमेरिकेस गेलेलें पत्र

इ. स. १८७८ च्या सप्टेंबर महिन्यांत कोल्हापुरांतील टपालखात्यांत नोकरीस असलेल्या एका गृहस्थानें अमेरिकेंतील एका पाद्रीसाहेबांना पत्र लिहिलें. गृहस्थाचें नांव गोपाळराव जोशी. पत्नीच्या शिक्षणाची सोय अमेरिकेंत व्हावी व तेथें आपणांसहि कांहीं उद्योग लाभावा, अशी त्या पत्रांत विनंति होती. पत्नी अवघी तेरा वर्षांची होती. ज्यांना तें पत्र गेलें ते रेव्हरंड रॉयल वाइल्डर कोल्हापुरास अपरिचित नव्हते. १८५२ सालीं येथील अमेरिकन मिशनचा पाया त्यांनींच घातला होता. पुढें स्वदेशीं परतून प्रिन्स्टन येथें ते मिशनकार्याला वाहिलेलें एक मासिक चालवीत होते. त्यांचें उत्तर सरळ होतें: जोशी पतिपत्नींनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर साहाय्याचा विचार करतां येईल. पत्र आणि उत्तर हीं दोन्ही त्यांनीं आपल्या मासिकांत छापून टाकलीं.

तेथेंच हें प्रकरण संपावयाचें. परंतु छापलेला कागद कोणाच्या हातीं पडेल हें छापणाऱ्यालाहि सांगतां येत नाहीं. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तो अंक त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनीं होऊन त्या अनोळखी मुलीला पत्र धाडिलें आणि पुढें तिला आपल्या घरीं ठेवून घेतलें. धर्मांतराची अट घातली नाहीं. एकाच पत्राला एकाच देशांतून आलेलीं हीं दोन उत्तरें. स्त्रियांचे हाल कमी करण्यासाठीं परदेशांतून विद्या आणि पैसा आणण्याचे जे प्रयत्न महाराष्ट्रांत पुढें झाले, त्या सर्वांची अडचण आणि त्या सर्वांची शक्यता या दोन उत्तरांत आधींच उमटलेली दिसते.

ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांची कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे, पण तिचा एक भाग बहुधा दबक्या आवाजांत सांगितला जातो. पत्नीला शिकविण्याच्या ध्यासानें सातासमुद्रांपलीकडे पत्र धाडणारे गोपाळराव तिच्यावर हातहि टाकीत असत. दहाव्या वर्षीं लाकडानें बसलेला मार आणि बाराव्या वर्षीं अंगावर आलेल्या खुर्च्या व पुस्तकें यांचा उल्लेख स्वतः आनंदीबाईंनींच अमेरिकेंतून पतीस लिहिलेल्या एका पत्रांत केला आहे. अशा वागण्याचा परिणाम चांगलाच होतो असें म्हणतां येणार नाहीं, हें त्यांनीं शांतपणें पण स्पष्ट शब्दांत लिहून ठेविलें. तेव्हां स्त्रीशिक्षणाचा पुरस्कर्ता आणि स्त्रीला मारणारा हे दोन निराळे पुरुष असतातच असें नाहीं. सुधारणेची आवड असली म्हणजे हात आपोआप आवरतो, या समजुतीला या एका पत्रानें कायमचा तडा दिला आहे.

घरांतील छळाचें दुसरें रूप प्रसूतीच्या खोलींत दिसे. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षीं मूल झालें आणि तें दहा दिवसांत गेलें. पुरुष वैद्यापुढें आजार उघड करण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या स्त्रिया त्या काळीं असंख्य होत्या. मारहाणीचा वळ असो, कोवळ्या वयांतील बाळंतपणाची इजा असो, तो पाहावयास आणि त्याला नांव द्यावयास कोणी नव्हतें. स्त्री डॉक्टर हवी ती केवळ औषधासाठीं नव्हे; ज्या गोष्टी घराबाहेर बोलतां येत नाहींत त्या ऐकून घेणारी एक अधिकारी व्यक्ति म्हणूनहि हवी होती.

१८८३ सालीं आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या. निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथील भाषणांत आपण हिंदु म्हणून जाणार आणि हिंदु म्हणूनच परत येणार, असें त्यांनीं जाहीर केलें होतें. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनीं त्यांना ६०० डॉलरांची शिष्यवृत्ति मिळवून दिली. हें कॉलेज १८५० सालीं स्थापन झालें होतें, पण त्याच्या विद्यार्थिनींचा मार्गहि सुखाचा नव्हता. १८६९ सालीं त्या पेन्सिल्व्हानिया हॉस्पिटलमध्यें व्याख्यानास गेल्या असतां तेथील पुरुष विद्यार्थ्यांनीं त्यांची हुर्यो उडविली आणि त्यांच्यावर कागदाचे बोळे फेकले. आनंदीबाईंना साहाय्य करणाऱ्या स्त्रिया कांहीं सुखाच्या शिखरावरून खालीं दान टाकीत नव्हत्या. आपल्या घरींहि तोच लढा लढत असलेल्या भगिनी होत्या. त्या साहाय्यांत उपकाराचा दर्प नव्हता याचें कारण बहुधा हेंच असावें.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई डॉक्टर झाल्या. प्राचीन हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्याच वर्षीं कोल्हापूर संस्थानानें येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. आठ वर्षांपूर्वीं ज्या गांवाहून याचनेचें पत्र गेलें होतें, त्याच गांवाहून आतां सन्मानाचें पत्र अमेरिकेस गेलें. दुर्दैवानें तें स्थान रिकामेंच राहिलें. क्षयानें खंगलेल्या आनंदीबाई नोव्हेंबरांत स्वदेशीं पोहोंचल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें निवर्तल्या. वय बावीसहि पुरें झालें नव्हतें. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली व न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवण्यांत आली.

फिलाडेल्फियाच्या पदवीदानसमारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. त्या अमेरिकेंतच राहिल्या, गांवोगांव व्याख्यानें दिलीं आणि उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. बालविवाह, विधवेचें केशवपन, सासरचा जाच, यांची हकीकत अमेरिकन स्त्रियांनीं प्रथमच एका हिंदी स्त्रीच्या तोंडून ऐकिली. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झालें. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष झाले, आणि विधवांच्या निवासासाठीं दहा वर्षें पैसा पुरविण्याचें संस्थेनें पत्करलें. गांवोगांवच्या मंडळांतून लहानलहान वर्गण्या गोळा होऊं लागल्या. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. आरंभींच्या विद्यार्थिनींत बालविधवा गोदूबाई होत्या. पुढें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे या नांवानें प्रसिद्ध झाल्या.

आजच्या भाषेंत बोलावयाचें तर स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्ध परराष्ट्रीय निधीनें चाललेला महाराष्ट्रांतील हा एक आद्य उपक्रम होय. त्याचें यश डोळ्यांपुढें होतें आणि त्याचें अपयशहि लौकरच डोळ्यांपुढें आलें. सदनांत कोणत्याहि धर्माचा प्रचार होणार नाहीं असें ठरलें होतें. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, आणि त्यांच्या प्रार्थनेस मुली जाऊन बसूं लागल्या. मुलींनीं आपल्या खुशीनें येऊं नये काय, हा रमाबाईंचा प्रश्न होता. कोवळ्या, निराधार मुलींची खुशी कितपत मोकळी असते, हा विरोधकांचा प्रश्न होता. दोन्ही प्रश्नांत तथ्य होतें. १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं संबंध तोडला आणि पालकांनीं पुष्कळ मुली काढून नेल्या. या वादांत सर्वांत मोठें नुकसान झालें तें ज्यांच्यासाठीं सदन निघालें होतें त्यांचेंच. कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवाश्रम काढिला तेव्हां दारोदार फिरून, पैपैसा करून तो मुख्यतः स्वकीयांच्या वर्गणीवर उभा केला, यामागें या अनुभवाची आठवण नसेल असें म्हणवत नाहीं.

कोल्हापुरांत याच सुमारास तिसरा एक मार्ग निघत होता. आनंदीबाईंची नेमणूक झाली तेव्हां शाहू महाराज अल्पवयी होते. १८९४ सालीं राज्यकारभार त्यांच्या हातीं आला. संस्थानांतील स्त्रीशिक्षणाची व्यवस्था मिस् लिट्ल या इंग्रज बाई पाहत असत. त्यांच्या मागून तें काम महाराजांनीं रखमाबाई केळवकर यांच्याकडे सोंपविलें. रखमाबाईंची कन्या कृष्णाबाई मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून डॉक्टर झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं महाराजांनीं त्यांना त्याच आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत नेमिलें आणि प्रसूतिशास्त्राच्या पुढील अभ्यासासाठीं संस्थानच्या खर्चानें विलायतेस पाठविलें. शिकून आल्यावर कृष्णाबाईंनीं कोल्हापुरच्या स्त्रियांची सेवा केली.

या घटनेंत आणि १८७८ च्या पत्रांत जो फरक आहे तो ध्यानांत घेण्याजोगा आहे. विद्या दोन्ही वेळीं समुद्रापलीकडचीच. पण पहिल्या वेळीं कोणी दयाळू व्यक्ति भेटेल कीं नाहीं हें दंतवैद्याच्या खोलींत पडलेल्या एका अंकावर अवलंबून होतें. दुसऱ्या वेळीं ती व्यवस्था राज्याच्या जमाखर्चांत मांडलेली होती. आनंदीबाई गेल्या तेव्हां त्यांच्या जागीं बसविण्यास दुसरी कोणी तयार नव्हती. राज्यानें खर्च पत्करिला म्हणजे एका व्यक्तीच्या मृत्यूनें काम बुडत नाहीं.

पुढचें पाऊल अधिक कठीण होतें. १९१८ सालीं महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारींत मृत्यु पावले आणि बालवयांतल्या सूनबाई इंदुमती राणीसाहेब विधवा झाल्या. आप्तांचा विरोध सोसून महाराजांनीं त्यांना सोनतळी येथें ठेवून शिकविण्याची व्यवस्था केली. वैधव्याचें दुःख घरांत आलें तेव्हां महाराजांनीं त्यावर रूढीचा पडदा टाकिला नाहीं. कायद्यांचें काम तर त्याआधींच सुरू झालें होतें. १९१७ सालीं विधवांच्या पुनर्विवाहाची नोंद करण्याचा कायदा झाला. १९१९ सालीं आंतरजातीय विवाहास मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत स्त्रियांना क्रूरपणानें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संस्थानांत लागू झाला. १९२० सालीं जोगतिणींविषयींचा कायदा आला.

यांपैकीं क्रौर्यप्रतिबंधाच्या कायद्याचें महत्त्व अजून पुरतें ओळखलें गेलेलें नाहीं. मारहाणीस शिक्षा देणारीं कलमें ब्रिटिश हिंदुस्थानच्या दंडविधानांतहि होतीं. पण तीं रस्त्यावरच्या मारहाणीसारखींच घरांतल्या मारहाणीस लागू करावीं, हें पोलिसालाहि सुचत नसे. कोल्हापुरच्या कायद्यानें घरांतील छळ हा स्वतंत्र अपराध मानला; शारीरिक छळाबरोबर मानसिक छळहि त्यांत धरला आणि कैद व दंड सांगितला. आनंदीबाईंनीं पतीस लिहिलेल्या पत्रांत जी गोष्ट एकट्या स्त्रीची तक्रार होती, ती येथें राज्याची तक्रार झाली.

कायदा झाला म्हणून छळ थांबला असें मात्र कोणी समजूं नये. जी स्त्री फिर्याद करील तिनें रात्रीं निजावें कोठें, हा प्रश्न दंडाच्या कलमानें सुटत नाहीं. त्याला आसरा लागतो, मिळकत लागते, शिक्षण लागतें. शिवाय राज्यकर्त्याच्या इच्छेनें आलेला कायदा राज्याबरोबर जाऊंहि शकतो. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि संस्थानच्या स्वतंत्र कायद्यांचा काळ संपला. पत्नीचा सासरीं होणारा क्रूर छळ हा वेगळा अपराध म्हणून अखिल भारताच्या दंडविधानांत आला तो १९८३ सालीं. कोल्हापुरानें जें १९१९ सालीं जाणलें होतें तें देशाच्या कायद्यांत यावयास चौसष्ट वर्षें लागलीं. घरांतील अत्याचारापासून संरक्षण देणारा व्यापक दिवाणी कायदा २००५ सालीं झाला.

या दीर्घ वाटचालींत परराष्ट्रांशीं असलेला विचारविनिमय थांबला नाहीं. त्याचें रूप मात्र पालटलें. १९७९ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याचा करार संमत केला व भारतानें त्याला १९९३ सालीं मान्यता दिली. कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या लैंगिक छळाविषयीं १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें 'विशाखा' प्रकरणांत नियम घालून दिले, तेव्हां या कराराचाच आधार घेतला. १९९६ सालीं स्त्रियांवरील हिंसा थांबविण्यासाठीं संयुक्त राष्ट्रसंघानें स्वतंत्र निधि उभारला. निरनिराळ्या देशांतील संस्थांना त्यांतून साहाय्य मिळतें. कार्पेंटरबाईंच्या टपालखर्चाचा हा विस्तारच म्हणावयाचा.

परंतु जुना धडा बदललेला नाहीं. परदेशचा निधि मुदतीचा असतो. रमाबाईंचा निधि दहा वर्षांचा होता. आजचे त्याहूनहि थोड्या मुदतीचे असतात. देणाऱ्यानें हेतु स्वच्छ ठेवला तरी घेणाऱ्याच्या समाजांत संशय उठतो, आणि त्या संशयाची किंमत निराधार स्त्रीला द्यावी लागते. म्हणून परदेशांतून आणावें तें ज्ञान, शिक्षण आणि धीर. रोजचा खर्च मात्र घरच्या तिजोरींतून व्हावा. २००५ च्या कायद्यानें संरक्षण अधिकारी नेमण्याचें काम राज्य सरकारांवर टाकिलें आहे. त्या अधिकाऱ्याचा पगार, त्याची कचेरी, स्त्रीला रात्रीं आसरा देणारें घर, यांची तरतूद कोणत्याहि परकीय मंडळाच्या वर्गणीवर सोडतां येणार नाहीं.

आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय आज छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय या नांवानें कोल्हापुरांत उभें आहे. ज्या स्त्रीविभागाची प्रमुख कधीं येऊं शकली नाहीं, त्या रुग्णालयांत अंगावर वळ घेऊन येणाऱ्या स्त्रिया अजूनहि येतात. त्यांना विचारणारें, ऐकून घेणारें आणि पुढची वाट दाखविणारें माणूस तेथें रोज हजर असणें, हाच १८७८ च्या त्या पत्राला कोल्हापुरानें स्वतः द्यावयाचा जबाब आहे.