घरचं बियाणं आणि विकतचा गेम



बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो, पण ऑफिसचा रिलीज काही संपेना. आज शनिवार मोकळा मिळालाय, चहाचा कप भरून घेतलाय, तेव्हा लिहूनच टाकतो. लेख थोडा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो :-)

तर झालं असं, की दिवाळीत अकोल्याला घरी गेलो होतो. आईने शिरस्त्याप्रमाणे माळा आवरायला लावला. तिथे बुटाच्या खोक्यात माझा जुना खजिना सापडला. 'डिजिट' मासिकासोबत यायच्या त्या डीव्हीड्या, मार्करने '१० इन १' लिहिलेल्या (कुठून आणलेल्या ते विचारू नका) सीड्या, आणि तळाशी एक चकचकीत डबा. माझ्या आयुष्यातला पहिला ओरिजिनल गेम! २०११ च्या जूनमध्ये, आठवीत चांगले मार्क पडले म्हणून बाबांनी ४९९ रुपयांना घेऊन दिलेला. गेमचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इथे तक्रार करायची नाहीये.

घरी आणून सीडी टाकली, इन्स्टॉल झाला, आणि स्क्रीनवर सूचना आली की इंटरनेटवरून ॲक्टिव्हेट करा. आमच्याकडे तेव्हा नेट नव्हतंच. मग काय, सीपीयू चादरीत गुंडाळला, बाबांच्या हिरो होंडावर मागे मांडीवर घेऊन बसलो आणि जठारपेठेतल्या एका कॅफेत गेलो. कॅफेवाल्या काकांनी हसत हसत वायर लावून दिली. गेम सुरू झाला!

पण ते दिवस लोडशेडिंगचे. अकोल्यात तासन् तास लाइट जायची, खेड्यावर तर विचारूच नका. चालू कॉम्प्युटर धाडकन बंद पडायचा, विंडोज उडायचं, आणि आमच्या गल्लीत प्रत्येक रोगावर एकच औषध होतं, ते म्हणजे फॉरमॅट. दर फॉरमॅटनंतर सीपीयूची वरात कॅफेत. चौथ्यांदा गेलो तर उत्तर आलं, तुमची ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली आहे. कस्टमर केअरला मोडक्यातोडक्या इंग्रजीत मेल केला. त्याचं उत्तर आजतागायत यायचंय.

बाबा बाजूला उभे होते. म्हणाले, "काहून रे, पैसे त पूरे देल्ले ना आपण?" म्हटलं, हो. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मंग हे त संकरित बियान्यासारखं झालं बाप्पा. पेरलं का संपलं."

त्याच आठवड्यात एका मित्राने तोच गेम पेनड्राइव्हवर आणला. क्रॅक केलेला. दहा मिनिटांत सुरू. ना नेट, ना सीडी, ना वरात. पैसे देणारा दारात ताटकळत उभा, आणि न देणारा खुशाल आत बसलेला... हा प्रकार तेव्हापासून डोक्यात बसला आहे. पुढे इंजिनिअरिंगला अमरावतीला गेलो, नंतर पुण्यात नोकरीला लागलो, आणि मग या कुलुपांचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. तोच आज सांगतो.

कुलुपांची गोष्ट

गेमला कुलूप घालायची खोड जुनीच आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतो ना? शाळेच्या लॅबमध्ये सगळ्यांनी खेळलेला. डॉसवरच्या मूळ गेममध्ये पहिली लेव्हल संपली की एक खोली यायची, तिथे वेगवेगळ्या अक्षरांखाली औषधाच्या बाटल्या. गेमसोबत मिळालेल्या पुस्तिकेच्या अमुक पानावरचा अमुक शब्द बघा, आणि त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्या. पुस्तिका नसेल तर गेलात. पण पुस्तिका एकदा घरात आली की ती तुमची. कंपनी उद्या बुडाली तरी पुस्तिका थोडीच बुडते!

मग सीडी आल्या. 'सेफडिस्क'सारख्या कुलुपांनी सीडीवर अशा खुणा ठेवल्या, की साधी कॉपी केली तर त्या उतरायच्या नाहीत. विंडोजमधला एक ड्रायव्हर त्या खुणा तपासायचा. ठीक आहे, सीडी जपून ठेवली की झालं, असं लोकांना वाटलं. पण जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा तो ड्रायव्हर त्यात ठेवलाच नव्हता, कारण सुरक्षेच्या दृष्टीने तो धोक्याचा होता. मायक्रोसॉफ्टचं तसं चुकलं नाही. पण ज्यांनी सीड्या दहा-दहा वर्षं जपल्या त्यांचे गेम चांगल्या सीडीसकट मुके झाले.

तिसरा टप्पा इंटरनेटचा. व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम सुरू केलं, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आणला. दुकानातून डबा आणला तरी स्टीमवर खातं उघडल्याशिवाय गेम चालेना. लोक तेव्हा जाम चिडले होते. मग २००८ मध्ये ईएचा 'स्पोर' आला. एका खरेदीवर तीनच ॲक्टिव्हेशन! ओरड झाली तेव्हा ती पाच केली. गंमत म्हणजे त्या वर्षी सगळ्यात जास्त चोरल्या गेलेल्या गेममध्ये 'स्पोर'चं नाव होतं. म्हणजे कुलूप एवढं जाडजूड, आणि चोर तरीही आतच!

२०१० मध्ये युबिसॉफ्टने आणखी पुढचं पाऊल टाकलं. 'असॅसिन्स क्रीड २' पीसीवर एकट्याने खेळायचा असला तरी पूर्ण वेळ नेट चालू पाहिजे. त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले लोक घरात बसून गेमच्या बाहेर. युरोपात सर्व्हर पडला तर केवढी बातमी झाली. आपल्याकडे तर डीपी उडाला की दोन दिवस अंधार, तिथे 'पूर्ण वेळ नेट' ही अट घालणारा माणूस वऱ्हाडात कधी आलाच नसणार.

या सगळ्या कुलुपांना मिळून डीआरएम म्हणतात, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. सोप्या मराठीत, वस्तू तुमच्या घरात आणि किल्ली विकणाऱ्याच्या खिशात.

पोलंडची पोरं

याच्या उलट वाट काढली ती पोलंडमधल्या दोघांनी. मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की हे शाळेतले मित्र. १९९४ मध्ये त्यांनी वॉर्सामध्ये सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली आणि बाहेरच्या देशांतून सीडी आणून विकायला सुरुवात केली. तिथे तेव्हा आपल्यासारखीच स्थिती होती. बाजारात उघड्यावर कॉपी केलेले गेम मिळायचे, आणि सॉफ्टवेअरला धड संरक्षण देणारा कायदा १९९४ मध्येच आला.

चोरीच्या मालाशी स्पर्धा कशी करायची? यांनी कुलूप वाढवण्याऐवजी माल वाढवला. १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला. उत्तम अनुवाद, नावाजलेल्या नटांचे आवाज, सोबत नकाशा आणि संगीताची सीडी. लोकांनी विकत घेतला. चोराला डबा, नकाशा आणि मायबोली देता येत नाही, हे त्यांना कळलं होतं.

तोच विचार घेऊन सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे 'स्पोर'चा गदारोळ सुरू होता त्याच महिन्यात, त्यांनी 'गुड ओल्ड गेम्स' हे दुकान सुरू केलं. आता त्याला जीओजी म्हणतात. जुन्या गेमचे हक्क कोणाकडे आहेत ते शोधायचं, डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रामच्या मदतीने ते नव्या विंडोजवर चालवायचे, सगळी कुलुपं काढायची, आणि ५.९९ किंवा ९.९९ डॉलरला विकायचे. तुम्ही इन्स्टॉलरची फाइल उतरवून घ्या, हार्ड डिस्कवर ठेवा, पुढे त्यांना विचारायचं काम नाही.

मे २०११ मध्ये त्यांच्याच 'विचर २' ची मजेशीर परीक्षा झाली. डब्यातल्या प्रतीला सेक्युरॉमचं कुलूप होतं, जीओजीवरची प्रत पहिल्या दिवसापासून उघडी. चोरांनी उघडी प्रत सोडून कुलुपाची प्रत फोडली आणि तीच जगभर फिरवली! कदाचित फोडण्यातच त्यांना मोठेपणा. थोड्याच दिवसांत कंपनीने डब्यातल्या प्रतीचंही कुलूप काढून टाकलं. (हे होत होतं त्याच उन्हाळ्यात मी अकोल्यात मांडीवर सीपीयू घेऊन फिरत होतो. असो.)

मग सगळे स्टीमवरच का?

कारण स्टीम वाईट नाही, हे कबूल करायला पाहिजे. गेब न्यूवेल २०११ मध्ये म्हणाला होता की चोरी हा मुख्यतः किमतीचा प्रश्न नसून सेवेचा आहे, आणि त्याने सेवा खरंच दिली. नोव्हेंबर २०१५ मध्ये भारतात रुपयात भाव सुरू झाले, उन्हाळी सेल, आपोआप अपडेट, सेव्ह केलेला गेम दुसऱ्या मशीनवर हजर. अमरावतीच्या होस्टेलात माझ्या ओळखीची पोट्टी चोरीचे गेम सोडून विकतचे घ्यायला लागली ती स्टीममुळेच. मी जीओजीवर पहिला गेम घेतला तेव्हा भाव डॉलरमध्ये होता आणि कार्ड चालवताना नाकी नऊ आले होते. शिवाय स्टीमवरच्या सगळ्याच गेमना कुलूप असतं असंही नाही.

पण स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. बाबांच्या शेताचा सातबारा उद्या माझ्या नावावर चढेल, मी शेकडो रुपये टाकून जमवलेले गेम माझ्या भाच्याच्या नावावर चढणार नाहीत. आणि २०२४ मध्ये तर सगळंच उघडं पडलं. युबिसॉफ्टने डिसेंबर २०१४ मध्ये आणलेल्या 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवरच अवलंबून, त्यामुळे पैसे देऊन घेतलेला गेम अख्खाच गेला. त्यावरून रॉस स्कॉट नावाच्या माणसाने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ सुरू केली, आणि जुलै २०२५ पर्यंत युरोपात तिच्या अर्जावर दहा लाखांवर सह्या झाल्या. तिकडे कॅलिफोर्नियाने कायदा केला की परवाना विकत असाल तर तसं स्पष्ट सांगा, नुसतं 'खरेदी करा' म्हणू नका. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. स्टीमने त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरण्याच्या पानावर लिहिलं की तुम्हाला मिळतोय तो परवाना. म्हणजे बाबांनी २०११ मध्ये कॅफेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेरा वर्षांनी लेखी मिळालं.

कायद्याने पाहिलं तर जीओजीही परवानाच देतं. फरक एवढाच, की इन्स्टॉलर तुमच्या कपाटात असल्यावर तो परत घ्यायला कोणी येऊ शकत नाही.

बाबांचं सोयाबीन

आता बाबांच्या त्या वाक्याकडे येतो. अकोला म्हणजे बियाण्यांचं गाव. १९६९ पासून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथे, आणि १९७६ पासून महाबीजही इथेच. मूर्तिजापूरकडे आमचं थोडं शेत आहे, त्यात कपाशी आणि सोयाबीन. कपाशीचं बियाणं संकरित. त्याची सरकी ठेवून पेरली तर पुढचं पीक सारखं येत नाही, म्हणून दरवर्षी नवी पाकिटं. सोयाबीन सरळ वाणाचं, त्यातलं निवडून ठेवलं की पुढच्या वर्षी पेरता येतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने घरचं बियाणं राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा हक्कही शेतकऱ्याला दिलाय.

बाबा दोन्ही पेरतात. त्यांना संकरित कपाशीचा राग नाही, उत्पन्न येतं म्हणून ते पैसे मोजतात. पण २०२० च्या खरिपात विकतचं सोयाबीन कितीतरी ठिकाणी उगवलंच नाही, दुबार पेरणीची वेळ आली. आमच्या धुऱ्याला लागून असलेलं वावर तसंच पडलं होतं. आमच्या घरात चार पोते घरचं बियाणं होतं, म्हणून आम्ही वाचलो. तेव्हापासून बाबा दर मे महिन्यात शंभर दाणे ओल्या पोत्यावर मांडून गुंडाळतात आणि आठवड्याने उघडून मोजतात. सत्तरच्या वर उगवले की बियाणं पेरणीलायक. पोती आपटायची नाहीत, जास्त थप्पी लावायची नाही, ओल लागू द्यायची नाही. घरचं बियाणं फुकट नसतं, त्याची राखण करावी लागते.

मला वाटतं, कुलूप नसलेला गेम घेणारे लोक हेच करतात. त्यांना स्टीमशी भांडण नसतं, बहुतेकांचं तिथेही खातं असतंच. फक्त जो गेम जिवाभावाचा, ज्याच्याकडे दहा वर्षांनी परत यायचंय, त्याचं बियाणं त्यांना घरात हवं असतं. आणि त्याची राखण त्यांनाच करावी लागते. हार्ड डिस्क मेली की सगळं गेलं, म्हणून दोन ठिकाणी ठेवायचं. दुसरी जबाबदारी त्याहून अवघड. माझ्या मावसभावाने "दे ना बे पेनड्राइव्हवर" म्हटलं तेव्हा पहिल्यांदा मी देऊन टाकला होता. नंतर लाज वाटली. ज्या दुकानाने माझ्यावर विश्वास ठेवून दाराला कुलूप घातलं नाही, त्याच दारातून मी माल बाहेर काढला की! पुढच्या सेलला त्याच्या नावाने एक प्रत विकत घेऊन पाठवली, तेव्हा कुठे बरं वाटलं.

आता वर्षातून एकदा मीही 'उगवण चाचणी' घेतो :-) जुना लॅपटॉप काढतो, वाय-फाय बंद करतो आणि डिस्कवरचे दहा-बारा इन्स्टॉलर चालवून बघतो. या दिवाळीला ते घरीच केलं. बाबा बाजूला खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "किती उगवले?" म्हटलं, बारापैकी बारा.

तो ४९९ चा डबा मी टाकला नाही. आईच्या नजरेआड परत खोक्यात ठेवून दिलाय.

तूर्तास इतकंच. चहा कधीचाच गार झालाय.