थीमची कसोटी दुसऱ्या तिकिटाला

मनोरंजन उद्यानांची तुलना करताना उंची, वेग आणि तिकिटाचा दर मोजण्याची आपल्याला सवय आहे. ही मापं यंत्राची. थीम म्हणजे यंत्राभोवती उभी केलेली कथा. तिचं काम वेगळं, म्हणून तिचं मापही वेगळं हवं. मुंबईच्या उपनगरांतल्या कुटुंबांपुढे या बाबतीत तीन ठळक नमुने आले: बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराईचं एस्सेलवर्ल्ड (१९८९), खोपोलीजवळचं इमॅजिका (२०१३) आणि घाटकोपरच्या आर सिटी मॉलमधलं किडझानिया (२०१३). तिघांची तुलना केली की एक प्रमेय मांडता येतं: कथा पहिलं तिकीट खपवते, दुसरं खपतं ते पाहुण्याला त्या कथेत काही करायला मिळालं तरच.

१. थीमचं प्रयोजन

राइड दोन-तीन मिनिटांत आटोपते. गर्दीच्या दिवशी रांग त्याच्या कैक पट चालते. पाहुण्याचा बहुतेक दिवस राइडच्या वाटेवरच जातो. १९५५ साली कॅलिफोर्नियात उघडलेल्या डिस्नेलँडने हा वाटेवरचा वेळ कामाला लावला. उद्यानाचे कथेनुसार विभाग पाडले आणि रस्ते, दुकानं, कर्मचाऱ्यांचे पोशाख त्या कथेत ओवले. मुंबईपुरतं आणखी एक कारण आहे, पाऊस. उघड्यावरच्या पाळण्यांचा पावसाळ्याचे चार महिने भरवसा नसतो. कथेला मात्र छप्पर, अंधार आणि पडदा पुरतो.

२. यंत्रप्रधान नमुना

एस्सेलवर्ल्डमध्ये ‘थंडर’, ‘हूला लूप’, लहानग्यांसाठी ‘झिपर डिपर’ अशी यंत्रं शेजारीशेजारी उभी होती. ‘मॉन्स्टर इन द मिस्ट’सारखं भुताटकीचं घर सोडलं, तर कथा जवळपास नव्हतीच. पोटात गोळा येणं हाच अनुभव, आणि तो पुन:पुन्हा घेता येतो. शाळेच्या सहलींना तेवढं पुरेसं होतं. पण यंत्र जुनं झालं की झाकायला दुसरं काही उरत नाही. नवं यंत्र आणणं हाच एक उपाय, आणि तो महाग. खरं तर गोराई किंवा मार्वे जेट्टीवरून बोटीने येणं ही या उद्यानाची आयती थीम होती. तिचा उपयोग वाहतुकीपलीकडे फारसा झाला नाही. शेजारचं वॉटर किंगडम (१९९८) एस्सेलवर्ल्डचे पाळणे थांबल्यावरही चालू राहिलं. पाण्यात पाहुणा नुसता बसत नाही, खेळतो.

३. कथाप्रधान नमुना

मनमोहन शेट्टी यांनी उभारलेल्या इमॅजिकात एकाच कुंपणाआड दोन्ही प्रकार सापडतात. ‘नायट्रो’ हा सुमारे ४० मीटर उंचीचा, पायाखाली तळ नसलेला रोलर कोस्टर निव्वळ यंत्राच्या जोरावर चालतो. ‘मिस्टर इंडिया’ ही राइड मात्र त्याच नावाच्या १९८७च्या चित्रपटावर उभी आहे. पडदा आणि हलणाऱ्या खुर्च्या यांच्या मेळातून ती घडते. ही उसनी कथा. आईबाबांना चित्रपटातला खलनायक मोगॅम्बो ओळखीचा वाटतो, पण चित्रपट न पाहिलेल्या मुलाला तो नव्याने सांगावा लागतो. ‘राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर’ची निवड अधिक चोख आहे. राजासॉरस हा खराच भारतीय डायनोसॉर. गुजरातेत रहिओलीला मिळालेल्या जीवाश्मांवरून २००३ साली त्याला नाव मिळालं. इथे कथा याच मातीतली आहे.

आमच्या प्रमेयाचा सर्वांत चांगला पुरावा इथलीच ‘अलिबाबा और चालीस चोर’ ही राइड देते. गाडीत बसलेल्याच्या हाती बंदूक असते, समोर नेम धरायच्या खुणा येतात आणि गुण जमत जातात. बाहेर पडणारा भाऊ बहिणीला पहिला प्रश्न विचारतो तो गुणांचा, चोरांचा नव्हे. कथा तीच राहते, निकाल दर खेपेला बदलतो. ‘मिस्टर इंडिया’चा शेवट दुसऱ्या खेपेलाही तोच असतो.

४. भूमिकाप्रधान नमुना

१९९९ साली मेक्सिकोत जन्मलेल्या किडझानियाने हे तत्त्व टोकाला नेलं. इथे वेगवान यंत्र नाही. मुलांच्या उंचीला बेतलेलं शहर, त्याचं ‘किडझो’ हे चलन, आणि काम केलं तरच पगार. मूल आग विझवतं किंवा डॉक्टर होतं. पालक काचेबाहेरून बघतात. आज एक पेशा, पुढच्या खेपेला दुसरा, त्यामुळे पुन्हा येण्याचं कारण रचनेतच आहे. सगळं छपराखाली असल्याने पावसाचा प्रश्न नाही आणि घाटकोपर मेट्रोही टप्प्यात आहे. मर्यादा वयाची: मूल मोठं झालं की हा खेळ त्याला पोरकट वाटू लागतो. एस्सेलवर्ल्डच्या पाळण्यावर बापही बसायचा. इथे तो प्रेक्षक.

५. एक अपवाद

शिर्डीचं साईतीर्थ आणि पुण्याजवळ आंबेगावची शिवसृष्टी (पहिला टप्पा, फेब्रुवारी २०२३) ही दोन थीम उद्यानं प्रमेयाला आव्हान देतात. साईतीर्थमधलं ‘लंकादहन’ असो की शिवसृष्टीतली शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका, पाहुण्याला काही करायचं नसतं आणि शेवट आधीच ठाऊक असतो. तरी लोक जातात, नातवंडांना घेऊन पुन्हा जातात. कीर्तनाच्या श्रोत्यासारखे ते कथा कळावी म्हणून येत नाहीत, ती आपली आहे म्हणून येतात. म्हणून प्रमेयाला पुरवणी जोडावी लागते: पाहुण्याला कृती द्या, नाहीतर त्याच्या मालकीची कथा द्या.

६. निष्कर्ष

या कसोटीवर सर्वांत कच्ची ठरते ती उसन्या कथेवरची, नुसती बघायची राइड. बांधायला महाग आणि जुनी व्हायला लवकर. अशी राइड असलेलं, मोठ्या कर्जाखाली आलेलं इमॅजिका २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. लोणावळा-शिर्डीची जलउद्यानं आणि साईतीर्थ हीही याच समूहाची. म्हणजे खेळ, श्रद्धा आणि कथा हे तिन्ही मार्ग आता एका मालकाच्या हाती आहेत. पुढची राइड आखताना त्याने उंचीचा आकडा नंतर ठरवावा. दुसऱ्यांदा आलेल्या पाहुण्याच्या हाती काय द्यायचं, ते आधी.