थांबणाऱ्यांची निवड

प्रोस्टेटच्या बायप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरातल्यांच्या नजरेला एकच शब्द दिसतो: ‘ॲडेनोकार्सिनोमा’. खालच्या ओळी बहुधा वाचायच्या राहून जातात. बारापैकी दोन तुकड्यांत गाठ, ग्लीसन ३+३=६, एका तुकड्याचा वीस टक्के भाग बाधित. खरा निकाल त्या ओळींत असतो. ‘काढूनच टाका एकदाचं,’ म्हणणाऱ्या मुलाला डॉक्टर जेव्हा सांगतात, ‘तात्यांना सध्या काही करायला नको, आपण नजर ठेवू,’ तेव्हा त्या सल्ल्यामागे ऐंशी-नव्वद वर्षांचं कुळ उभं असतं.

मूळपुरुष सापडतो शवविच्छेदनाच्या टेबलावर. १९३५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अर्नोल्ड रिच यांनी पन्नाशीपुढच्या २९२ पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथी तपासल्या. शंभरात चौदांमध्ये कॅन्सर निघाला, आणि त्यांतल्या बहुतेकांना जिवंतपणी त्याचा पत्ता नव्हता. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये एल. एम. फ्रँक्स यांनाही तेच दिसलं. वय चढतं तशी ही मुकी गाठही वाढत्या प्रमाणात सापडते. त्या काळी या ज्ञानाचा रोग्याला काडीचा उपयोग नव्हता. लघवी अडली किंवा कंबरेचं हाड दुखू लागलं की मगच रोग कळायचा, आणि तोवर तो हाडात उतरलेला असायचा.

आता मुकी गाठ कोणती आणि चावरी कोणती, हे ओळखायचं कसं? १९६६ मध्ये मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रचनेचे पाच प्रकार स्वतःच्या हाताने रेखाटले. पहिल्यात गोल, सुबक ग्रंथी. पाचव्यात सगळी मोडतोड. तुकड्यात सर्वांत जास्त दिसणाऱ्या दोन प्रकारांची बेरीज म्हणजे ग्लीसन स्कोअर. रिपोर्टवरचं ते ३+३ इथून आलं.

मग रक्ताची तपासणी आली. १९७९ मध्ये पीएसए हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. १९८६ मध्ये अमेरिकेत ते उपचारानंतरच्या देखरेखीसाठी मंजूर झालं आणि १९९४ मध्ये निदानासाठीही. मधल्या काळात, १९८९ साली, सोनोग्राफीच्या मदतीने सहा ठिकाणचे तुकडे काढण्याची पद्धत आली होती. आता धडधाकट माणसांतही कॅन्सर सापडू लागला. रिच यांना मेलेल्यांत सापडलेली गाठ जिवंत माणसांच्या फाइलींत आली, आणि फाइलीत आली म्हणून ऑपरेशन टेबलावरही गेली. काहींचा त्यामुळे जीव वाचला. पण अनेकांना लघवी गळणं आणि लैंगिक दुर्बलता पदरी पडली, तीही कदाचित कधीच त्रास न देणाऱ्या रोगापायी. न्यूयॉर्कचे सर्जन विलेट व्हिटमोर यांनी पेच मांडला होता तो हाच: ज्यांना बरं करता येतं त्यांना त्याची गरज असते का, आणि ज्यांना गरज असते त्यांना बरं करता येतं का?

कुणी थांबायचं हे ठरवणाऱ्या चाळणीची पहिली जाळी १९९४ मध्ये हॉपकिन्सच्याच जोनाथन एपस्टीन यांनी विणली. बोटाला गाठ लागत नाही, ग्लीसन सहापर्यंत, तीनपेक्षा कमी तुकड्यांत कॅन्सर, कोणत्याही तुकड्याचा निम्म्याहून अधिक भाग बाधित नाही, आणि पीएसए घनता ०.१५ च्या खाली. घनतेचं गणित घरीही मांडता येतं. पीएसए ६ आणि ग्रंथी ५० घनसेंटिमीटरची, तर भागाकार ०.१२. तेच ६, पण ग्रंथी ३० ची, तर ०.२०. पीएसए तोच असला तरी पहिला माणूस जाळीतून पार होतो, दुसरा अडकतो.

१९९५ च्या सुमारास दोन ठिकाणी प्रत्यक्ष थांबायला सुरुवात झाली. टोरांटोत लॉरेन्स क्लॉट्झ यांनी जाळी सैल ठेवली. सत्तरीपुढच्यांना ग्लीसन ३+४ असला तरी घेतलं. हॉपकिन्समध्ये बॅलेंटाइन कार्टर यांनी एपस्टीन यांचे निकष घट्ट धरले आणि बहुतेकांची दर वर्षी बायप्सी केली. दोघांचे आकडे २०१५ मध्ये छापून आले. टोरांटोत ९९३ पैकी १५ जण प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले, हॉपकिन्समध्ये १२९८ पैकी दोघे. जाळी बारीक केली तर जोखीम उतरते, पण बाहेर राहिलेल्यांपैकी काहींवर विनाकारण सुरी चालते. हा सौदा अजून मिटलेला नाही.

ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत १६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं: देखरेख, शस्त्रक्रिया, रेडिएशन. पंधरा वर्षांनंतर, २०२३ मध्ये निकाल आला, तेव्हा प्रोस्टेटने गेलेले तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच होते. मात्र देखरेखीच्या गटात रोग दूर पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, बाकीच्या दोन्हींत पाचच्या आसपास. देखरेखीतल्या साठ टक्क्यांहून अधिक जणांनी पुढे ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलं. आता जाळीत एमआरआयचा धागा आला आहे. बीआरसीए-२ जनुकातला दोष निघाला तर डॉक्टर थांबायला सहसा राजी होत नाहीत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या टापूत प्रश्न उलटा आहे: इथे रोग उशिरा कळतो. भारतात सरकारी तपासणी मोहिमा तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरसाठी आहेत, प्रोस्टेटसाठी नाहीत. रात्री चारदा उठावं लागतं हे ‘वयोमानाने होतंय’ म्हणून सोडलं जातं, आणि ‘तुकडा काढला की पसरतो’ ही भीती आहेच. मुंबईच्या टाटा रुग्णालयाची प्रोस्टेटवरची गाजलेली ‘पॉप-आरटी’ चाचणी बळावलेल्या रोगाच्या २२४ रुग्णांवर झाली, ती उगाच नाही. तरी आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये आता पीएसए येतो, आणि ३+३ चा रिपोर्ट घेऊन कोडोली-वारणेकडचा माणूस कोल्हापूर किंवा मिरज गाठतो. लघवीत जंतुसंसर्ग असताना किंवा नळी घातलेली असताना केलेल्या पीएसएवर निवड करायची नाही, काही आठवड्यांनी तो पुन्हा करायचा, हा नियम इथे आधी पाळायला हवा.

एपस्टीन यांच्या यादीत नसलेला एक निकषही इथे लागतो: हा माणूस परत येईल का? पीएसए दर सहा महिन्यांनी, फेरबायप्सी साधारण वर्षाने आणि मग काही वर्षांच्या अंतराने. यातली एखादी फेरी चुकली की देखरेख संपते आणि उरतं ते दुर्लक्ष. तारखा सांभाळणं वारणेला परकं नाही. साखर कारखान्याकडे उसाची लागण नोंदवायची, कारखान्याच्या चिटबॉयने फडात फिरायचं, रसाची गोडी सांगणारा ब्रिक्स पाहायचा आणि पक्वतेप्रमाणे तोड द्यायची. कोवळा तोडला तर साखरेचा उतारा पडतो, तुरा आल्यावर ठेवला तर वजन घटतं. १९९८ च्या ‘वायर्ड व्हिलेज’ योजनेत सत्तरेक गावांत ही नोंद संगणकावर आली, आणि पुढे काही गावांत मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी तीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली. तोडीची बातमी मोबाइलवर पोहोचू शकते, तर पीएसएची तारीखही पोहोचू शकते. ज्या दवाखान्याजवळ अशी नोंद नाही, त्याने ३+३ च्या पेशंटला ‘थांबा’ म्हणण्याआधी ती तयार करावी. आणि ज्याला गाव सोडून मुलाकडे पुण्याला राहायला जायचं आहे, त्याची फाइल त्याच्यासोबत जाईल याची तजवीज पहिल्याच भेटीत करावी.