ऑक्सिजन-न्यूनता : संकल्पनेचा इतिहास

ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांना) गरजेइतका ऑक्सिजन न मिळणे किंवा मिळालेला ऑक्सिजन वापरता न येणे, या अवस्थेस ‘ऑक्सिजन-न्यूनता’ म्हणतात. हवेत भरपूर ऑक्सिजन असतानाही ती उद्‌भवू शकते; तसेच पुष्कळदा ज्याला ती होते त्यालाच तिची जाणीव नसते. या दोन गोष्टी उमगण्यास दीर्घ काळ लागला.

पेरूतील अँडीज पर्वत ओलांडताना होणाऱ्या ओकाऱ्या व ग्लानी यांचे वर्णन होसे दे आकोस्ता या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५९० मध्ये प्रसिद्ध केले व त्यांचे कारण विरळ हवा हे असावे, असे सुचविले. ऑक्सिजनाचा शोध अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लागला. तथापि उंचीवरील त्रास हवेच्या कमी दाबामुळे होतो की ऑक्सिजनाच्या अभावामुळे, हा प्रश्न त्यानंतरही अनिर्णीत राहिला. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक पॉल बेर (१८३३–८६) यांनी हवेचा दाब कमी करता येईल अशा बंद कोठीत प्राण्यांवर व स्वतःवर प्रयोग केले. दाब कमी असतानाही ऑक्सिजन हुंगल्यास लक्षणे नाहीशी होतात, असे त्यांना आढळले. हे संशोधन १८७८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

दरम्यान १५ एप्रिल १८७५ रोजी क्रोसे-स्पिनेल्ली, सिव्हेल व तिसांद्ये हे तिघे ‘झेनिथ’ या बलूनमधून ८,००० मी.पेक्षा अधिक उंच गेले. बरोबरचा ऑक्सिजन अपुरा आहे, असा इशारा देणारे बेर यांचे पत्र त्यांना वेळेवर मिळाले नाही. ऑक्सिजनाच्या पिशव्या हाताशी असूनही ऐन वेळी हात उचलेनात. पहिल्या दोघांचा मृत्यू झाला. वाचलेल्या तिसांद्ये यांनी लिहिले आहे, की त्या वेळी वेदना नव्हत्या, उलट मन आनंदित होते. याचे कारण पुढे स्पष्ट झाले. श्वसनाची प्रेरणा मुख्यतः रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडाच्या प्रमाणावर अवलंबून असते, हे हॉल्डेन व प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखविले. शिवाय ऑक्सिजन कमी पडताच मेंदूची निर्णयशक्ती लवकर मंदावते.

रक्तातील हीमोग्लोबिनाशी कार्बन मोनॉक्साइड जखडून बसतो व ऑक्सिजनाला जागा उरत नाही, हे क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखविले होते. अशा निरीक्षणांच्या आधारे जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० मध्ये तीन प्रकार मांडले : (१) रक्तात शिरणारा ऑक्सिजनच कमी असणे (उदा., उंच प्रदेश, फुप्फुसाचे विकार), (२) ऑक्सिजनवाहक हीमोग्लोबिन अपुरे किंवा निकामी असणे (उदा., पांडुरोग) व (३) रक्ताभिसरण मंदावणे (उदा., हृद्‌विकार). पुढे चौथा, विषजन्य प्रकार मानण्यात आला. त्यात, उदा., सायनाइडाच्या विषबाधेत, ऑक्सिजन कोशिकेपर्यंत पोहोचतो. पण तो वापरणारे एंझाइम निष्क्रिय झालेले असते.

कोशिका ऑक्सिजनाची उणीव कशी ओळखतात, याच्या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मात्र कोशिकांची ही ओळख माणसाच्या जाणिवेत उतरतेच असे नाही. कोविड-१९ च्या साथीत (२०२० पासून) रक्तातील ऑक्सिजन बराच घटूनही काही रुग्णांना धाप लागत नव्हती. बोटाला लावण्याच्या ऑक्सिजनमापकाचे महत्त्व यामुळेच आहे : रुग्णाला वाटणाऱ्या स्वास्थ्यावर येथे विसंबता येत नाही.