निदानानंतरचे दिवस

समायोजन विकार हा ताण देणाऱ्या घटनेनंतर उद्भवणारा आणि मर्यादित काळ टिकणारा मानसिक आजार आहे. कुष्ठरोग, एचआयव्ही, कर्करोग यांचे निदान झाले किंवा एखादा अवयव गमवावा लागला, की साधारण तीन महिन्यांच्या आत तो सुरू होऊ शकतो. ताण सरल्यावर सहसा सहा महिन्यांत मावळतो. अमेरिकी वर्गीकरणात त्याला १९८० साली हे नाव मिळाले. थोडे दिवस टिकणारा म्हणून तो सौम्य समजला जातो, तेच धोक्याचे. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर सर्वसाधारण रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये हे निदान वारंवार होते, आणि नैराश्याच्या मानाने इथे विचार आणि कृती यांतले अंतर कमी असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत आत्महत्यांच्या कारणांमध्ये कौटुंबिक कारणांखालोखाल आजारपणाचा क्रम लागतो : १८.४ टक्के.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात या दुखण्याला पहिला हात लागला तो शरीराचे रोग बरे करणाऱ्यांचा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडच्या दुष्काळी तालुक्यात समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा अंगावर बधिर चट्टा दिसला की माणसाचे घर, शेतातले काम, सोयरीक सगळेच धोक्यात येई. १८९८ च्या कायद्याने भिकारी कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याची मुभा होती, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. पहिला कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, दुसऱ्यातले ते कलम २०१९ मध्ये गेले. रोगावर खात्रीचे बहुऔषधी उपचार १९८० च्या दशकातच आले होते, हे लक्षात घेतले तर कायदा किती मागे राहिला ते दिसते.

आरोळे दांपत्याने कुष्ठरोगाचे काम वेगळ्या वसाहतीत नेले नाही, ते सर्वसाधारण आरोग्यसेवेतच ठेवले. गावातल्याच बायकांना, त्यांत अनेक दलित आणि निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्या घरोघर फिरत, चट्टे ओळखत, औषधोपचार चालू राहतील हे पाहत. शेजारची बाई रोग्याच्या घरी निर्धास्त येते-जाते हे गावाला दिसे, आणि भीती ओसरायला त्याचा उपयोग कोणत्याही भाषणापेक्षा जास्त झाला. जामखेडने मानसोपचार म्हणून हे केले नव्हते; पण निदानासोबत येणारे नुकसानच कमी करणे, हा समायोजन विकारावरचा सर्वांत मुळाशी जाणारा इलाज आहे. या कामाला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे एचआयव्हीच्या काळात तेच भय नव्या रोगाला चिकटले. नगर शहरात १९८९ मध्ये स्थापन झालेल्या स्नेहालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांपासून सुरुवात करून एचआयव्हीबाधितांनाही आसरा दिला. एचआयव्हीवरची मोफत एआरटी औषधे सरकारी कार्यक्रमातून १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. त्याआधी हे निदान बहुतेकांना मरणाचा हुकूम वाटे. समुपदेशन सरकारी तपासणीचा भाग झाले, ते याच साथीमुळे.

याच जिल्ह्यातल्या लोणीला १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि मोठ्या शहराबाहेरच्या रुग्णाला एका आवारात सगळे विभाग मिळू लागले. तरी आत्महत्येचा प्रयत्न केलेला रुग्ण आधी अतिदक्षता कक्षात जातो. मनोविकारतज्ज्ञाला बोलावणे नंतर धाडले जाते, आणि नातेवाइकांना घरी जायची घाई असते.

मानसोपचार उशिरा मिळण्यामागे पोलिसांची भीती हे आणखी एक कारण होते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, त्यामुळे खरे काय घडले ते लपवण्याकडे घरच्यांचा कल असे. २०१८ मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. म्हणून आज घरच्यांनी डॉक्टरांपासून काही लपवण्याचे कारण उरलेले नाही. आजाराच्या निदानानंतर कोणी जगण्याला कंटाळल्याचे बोलत असेल, तर टेलि-मानस या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर अहोरात्र मराठीत बोलता येते.