कडेकडेने पळणारे

शिवाजी पार्कच्या कट्ट्याला धरून एक पूर्ण फेरी मारली की साधारण १.१७ किलोमीटर भरतात. म्हणजे दहा किलोमीटरचा सराव करायचा तर साडेआठ फेऱ्या, आणि अख्खी मॅरेथॉन इथेच उरकायची म्हटली तर छत्तीस. दादर-माहीमच्या पळणाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. पहाटे साडेपाचला ते पर्जन्यवृक्षांखालून निघतात. स्काउट हॉल, बंगाल क्लब, जिमखाना अशा खुणा एकामागून एक मागे पडतात. उद्यान गणेशासमोरून जाताना पाय न थांबवता उजवा हात छातीशी जातो. काही जण मुद्दाम मधूनच दिशा बदलतात, कारण सारखं एकाच बाजूला वळत राहिलं की एकच गुडघा कुरकुरायला लागतो. फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकला कंटाळलेले आत मातीवर उतरतात. पण तिथेही कडेनेच पळतात, कारण सात वाजले की मधल्या जागेत क्रिकेटच्या जाळ्या लागतात.

मैदानाचा मध्य पळणाऱ्याचा कधीच नव्हता. दसऱ्याला तिथे मेळावा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेल्या लाखो अनुयायांचा मुक्काम, सुट्टीत पोरांचे एकात एक गुंतलेले दहा-बारा सामने. पळणाऱ्याने या कशाबद्दलही कुरबुर केल्याचं फारसं ऐकिवात नाही. शहरांनी तोफांसाठी, घोड्यांसाठी, बग्ग्यांसाठी, क्रिकेटसाठी जागा राखल्या. हौसेने पळणाऱ्या माणसासाठी कुणी राखली नाही. त्याने दुसऱ्यांच्या मैदानाची कड उचलली आणि तिच्यावरच आपला रोजचा सराव उभा केला.

मुंबईतली सर्वात जुनी अशी कड फोर्टाबाहेरची. किल्ल्याच्या तटावरून तोफा डागायच्या तर समोर आडोसा नको, म्हणून इंग्रजांनी तटाबाहेरचा भला मोठा पट्टा मोकळा ठेवला होता. तेच एस्प्लनेड. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पाडले, तोफांची गरज संपली, पण मोकळी जागा उरली. पुढे तिचे तुकडे होऊन ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदानं झाली. संध्याकाळी साहेबलोक आणि शेठलोक तिथे बग्गीतून हवा खायला येत. बग्गीतून उतरून पळत सुटणारा शेठ कुणाच्या स्वप्नातही आला नसता.

त्या मैदानावर कुणी काय खेळायचं यावरून मात्र चांगलं रण माजलं. पारशी पोरं एस्प्लनेडवर क्रिकेट खेळत, आणि १८७५ साली निघालेल्या बॉम्बे जिमखान्याचे गोरे सभासद त्याच गवतावर पोलो. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडायची. १८८१ मध्ये पारशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केला आणि मग काही वर्षं अर्ज, उत्तर, पुन्हा अर्ज असं चाललं. शापुरजी सोराबजी यांनी पारशी क्रिकेटच्या इतिहासात ही सगळी हकिगत नोंदवून ठेवली आहे. मोकळी जागा सरकारची, पण ती वापरायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न मुंबईत इतक्या ठळकपणे पहिल्यांदा तिथे उभा राहिला.

दुसरी मोकळीक प्लेगने दिली. १८९६ ची साथ दाट चाळींतून पसरली, तेव्हा शहराला हवा खेळती हवी हे सरकारला पटलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या दादर-माटुंग्याच्या आखणीत रुंद रस्ते, मर्यादित उंचीच्या इमारती आणि मधे मोकळ्या जागा आल्या. फाइव्ह गार्डन्स ही त्याच आखणीतली. माहीम पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. त्याच १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर सुरू झालं. म्हणजे मैदान आणि व्यायाम यांची जोडी इथे पहिल्यापासूनची. मात्र त्या काळच्या व्यायामात मल्लखांब, जोर-बैठका, लेझीम यांना मान होता. नुसतंच गोल गोल पळणं ही तालमीतल्या पोरांसाठी अंग गरम करण्याची गोष्ट होती.

पळण्याला स्वतंत्र किंमत आहे हे महाराष्ट्राला त्याआधी पुण्यात कळलं होतं, तेही काहीसं योगायोगाने. डेक्कन जिमखाना १९०६ चा. १९१९ च्या सुमारास तिथल्या मैदानी स्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून हजर होते. पुढे १९२९ मध्ये ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या दिवसाची आठवण सांगितली आहे. शंभर यार्डांची शर्यत चक्क वळणावरून, पट्ट्या वेगळ्या करणाऱ्या दोऱ्यासुद्धा न बांधता चाललेली. पळणारी पोरं बहुतेक शेतकरी घरातली, अनवाणी, शिकवणारा कुणी नाही. तरीही त्यांनी घेतलेल्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळ जाणाऱ्या होत्या. दोराबजींच्या मनाने घेतलं आणि खर्चाचा मोठा वाटा स्वतःच्या खिशातून उचलून त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला संघ पाठवला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉन पळले. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. दातारांना ती पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. आज मुंबईत एखाद्या बँकेतल्या माणसाने तीन तासांच्या आत मॅरेथॉन संपवली तर त्याचा ग्रुप आठवडाभर त्याला डोक्यावर घेतो. चौगुल्यांकडे ना आजचे बूट होते, ना घड्याळ. त्यांचं नाव मात्र आपल्या पळणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

त्यानंतर बराच काळ आपल्याकडे पळणं हे दुसऱ्या कशासाठी तरी होतं. शिवाजी पार्कात रमाकांत आचरेकर सरांच्या जाळ्यांत दिवसभर फलंदाजी केल्यावर लहानग्या सचिन तेंडुलकरला पॅड आणि ग्लोव्हज घालूनच मैदानाला दोन पूर्ण फेऱ्या माराव्या लागत. त्याने हे आत्मचरित्रात लिहिलं आहे. ते पळणं क्रिकेटसाठी. आजही महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे जा, निम्मी पोरं भरतीची असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. एक जण मोबाइलवर वेळ लावून कडेला उभा राहतो, बाकीचे फुफ्फुसं फाटेस्तोवर पळतात. शेवटच्या शंभर मीटरला "ओढ, ओढ" असा गलका होतो आणि पल्ला संपला की तिथेच धुळीत बसकण मारतात. त्यांच्यासाठी काही सेकंदांचा फरक म्हणजे गुणांचा फरक, आणि गुणांचा फरक म्हणजे नोकरी. शेजारून कानात गाणी घालून निवांत पळणारा माणूस त्यांना जरा चमत्कारिकच वाटत असणार.

काही मिळवायचं नसताना रोज पळायचं, ही चाल रुजली ती दूर न्यूझीलंडमध्ये. तिथले प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६० च्या सुमारास पोटं सुटलेल्या, हृदयविकार होऊन गेलेल्या मध्यमवयीन माणसांना ऑकलंडमध्ये हळूहळू पळायला लावलं. अमेरिकेतल्या ऑरेगनचे प्रशिक्षक बिल बावरमन १९६२ मध्ये तिकडे गेले आणि अशा एका जथ्याबरोबर पळताना सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाच्या मागे पडले. ओशाळलेले बावरमन घरी परतले आणि त्यांनी आपल्या गावात जॉगिंगचा वर्ग काढला. डब्ल्यू. ई. हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांबरोबर त्यांनी १९६७ मध्ये 'जॉगिंग' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं आणि ते लाखोंनी खपलं. तरी सुरुवातीला रस्त्यावर विनाकारण पळणारा माणूस संशयितच होता. १९६८ मध्ये साउथ कॅरोलायनात पळायला निघालेल्या सेनेटर स्ट्रॉम थर्मंडना पोलिसांनी हटकलं होतं.

बागेतल्या पळण्याला खरं शहरी रूप आलं ते न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात. ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी १८५८ मध्ये या ८४३ एकरांच्या बागेचा आराखडा केला तेव्हा आतले वळणदार रस्ते धनिकांच्या बग्ग्यांसाठी होते. पुढे त्यांवर मोटारी आल्या. पळणारे आले सर्वात शेवटी. १९५८ मध्ये न्यूयॉर्क रोड रनर्स ही संघटना निघाली, तिचे पहिले अध्यक्ष टेड कॉर्बिट. गुलामांचे नातू, पेशाने फिजिओथेरपिस्ट, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधले मॅरेथॉनपटू. ते कामावरसुद्धा पळत जात. शर्यतीचं अंतर अचूक कसं मोजायचं याची शिस्त अमेरिकेत त्यांनीच बसवली.

१३ सप्टेंबर १९७० ला या बागेत पहिली न्यूयॉर्क सिटी मॅरेथॉन झाली. प्रवेश फी एक डॉलर. सुरुवातीला १२७ जण, शेवटपर्यंत ५५. बागेला चार फेऱ्या आणि वर थोडं, असा मार्ग. सायकलवाले आणि फिरायला आलेले लोक मधे येणारच. जिंकला गॅरी मरकी, अग्निशमन दलातला जवान, आदल्या रात्रीची ड्युटी करून आलेला. संयोजकांपैकी एक फ्रेड लीबो स्वतःही पळले आणि पंचेचाळिसावे आले. रुमानियात जन्मलेला हा कपड्याच्या धंद्यातला माणूस पुढे ही शर्यत शहराच्या पाचही भागांतून नेणार होता. बक्षिसं म्हणजे स्वस्तातली घड्याळं आणि बोलिंगच्या जुन्या ट्रॉफ्या. आपल्याकडच्या गल्लीतल्या कबड्डी स्पर्धेतही याहून बरा चषक मिळतो.

१९७२ च्या जूनमध्ये त्याच बागेत फक्त बायकांची सहा मैलांची शर्यत झाली, ७८ जणी पळल्या. त्याच वर्षीच्या मॅरेथॉनमध्ये मात्र बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटं आधी सुटायचं असा नियम काढला. सहा जणी इशाऱ्याची गोळी झाडल्यावर हातात फलक घेऊन रस्त्यावर सरळ बसून राहिल्या आणि पुरुष सुटले तेव्हा त्यांच्याबरोबर निघाल्या. आणि बागेतले रस्ते? शनिवार-रविवारी ते मोटारींना बंद करण्याची सुरुवात १९६६ मध्ये झाली होती. कायमची बंदी येता येता २०१८ चा जून उजाडला. बग्ग्यांच्या वाटेवरची कड सोडून मधोमध यायला पळणाऱ्यांना अर्धं शतक लागलं.

हे सगळं मुंबईत पोहोचलं ते १५ फेब्रुवारी २००४ ला, पहिल्या मुंबई मॅरेथॉनबरोबर. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून होतीच, पण आफ्रिकेतले पाहुणे पळणार आणि पुणेकर फुटपाथवरून टाळ्या वाजवणार, असा तिचा एकूण बाज. मुंबईने सहा किलोमीटरची ड्रीम रन ठेवली आणि टाळ्या वाजवणारेच रस्त्यात उतरले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींना हाफ करावीशी वाटली, मग फुल. त्यासाठी रोज सराव हवा, आणि सराव करायला मुंबईत जागा कुठली? पुढे शर्यत जानेवारीत व्हायला लागली, म्हणजे तयारीची सुरुवात ऐन पावसाळ्यात. छत्री सांभाळत दुधाच्या पिशव्या आणायला निघालेल्या लोकांनी चिंब भिजून पळणाऱ्यांकडे बघून कपाळावर हात मारला. बागांच्या फाटकांशी गव्हांकुर आणि दुधीचा रस विकणाऱ्यांना मात्र नवं गिऱ्हाईक मिळालं.

बोरिवली आणि आसपासचे लोक राष्ट्रीय उद्यानात शिरले. सकाळी फिरणाऱ्यांसाठी तिथे पास मिळतो आणि कान्हेरीचा चढ म्हणजे पायांची खरी परीक्षा. पण ते जंगल बिबट्याचं. अंधारात एकट्याने जायचं नाही हे तिथले जुने लोक नव्याला आधी सांगतात. पुणेकरांनी वेताळ टेकडी, तळजाई धरली. टेकडी ही पुण्याची पळायची जागा खरीच, फक्त परतताना उतारावर गुडघे सांभाळायचे.

महालक्ष्मीचा रेसकोर्स १८८३ चा. तिथे पहाटे घोड्यांचा सराव आणि माणसांचा व्यायाम एकाच वेळी चालतो, आणि मान अर्थातच घोड्यांचा. या जागेच्या भाडेपट्ट्याची मुदत २०१३ मध्ये संपली. बऱ्याच वादानंतर २०२४ मध्ये ठरलं, की २११ एकरांपैकी ९१ एकर रेसकोर्स चालवणाऱ्या टर्फ क्लबकडे राहतील आणि १२० एकर महापालिकेकडे जातील. त्याला सागरी किनारा मार्गालगतची भराव टाकून मिळवलेली जमीन जोडून सुमारे ३०० एकरांचं उद्यान करायचं, असा बेत आहे, आणि त्याला नाव सुचवलंय सेंट्रल पार्क. किनारा मार्गाच्या कडेची समुद्रालगतची वाट ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांसाठी खुली झाली. हा रस्ता मोटारींसाठी बांधलेला. वाट खुली झाल्याबरोबर पळणारे तिथेही हजर झाले, आणि कुणी त्यांना सांगितलं नव्हतं तरी सगळे कठड्याच्या बाजूने, कडेकडेनेच पळायला लागले.