परीक्षेंतील उतारा आणि साधनपरीक्षा

इतिहासाच्या शालेय प्रश्नपत्रिकेंत मूळ साधनाचा लहानसा उतारा छापावा व त्यावर प्रश्न घालावे, ही पद्धत आतां चांगलीच रुळली आहे. इंग्लंडांत १९७२ सालीं शालेय इतिहासाच्या सुधारणेची जी योजना निघाली, तिनें साधनांच्या अभ्यासास अग्रस्थान दिलें. आणि १९८८ सालापासून तेथील सोळा वर्षांच्या मुलांच्या नव्या परीक्षेंत असे प्रश्न कायमचे दाखल झाले. आपल्याकडेहि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांत साधनाधारित प्रश्न असतात, व महाराष्ट्राच्या दहावीच्या परीक्षेंत दिलेला उतारा वाचून उत्तरें लिहावयाचीं असतात. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला. तेव्हांपासून कागद कोणाचा, केव्हांचा व कशासाठीं लिहिलेला, हें आधीं विचारण्याची शिस्त आपल्या संशोधकांत वाढत गेली. तीच शिस्त पंधरा वर्षांच्या मुलास लावण्याचा हा उद्योग आहे. सबब कागदपत्रांच्या संग्राहकांनीं त्याकडे परकें म्हणून पाहणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

अशा प्रश्नांचीं उत्तरें तीन प्रकारें बिघडतात. पहिल्या प्रकारचा विद्यार्थी उताऱ्यांतील वाक्यें उलटसुलट करून पुन्हां लिहितो. दुसरा उताऱ्याकडे न पाहतां पाठ्यपुस्तकांतील पाठ केलेला मजकूर उतरवितो. तिसरा थोडा शिकविलेला असतो. तो ‘लेखक पक्षपाती आहे, म्हणून साधन अविश्वसनीय आहे’ असा शिक्का मारतो आणि थांबतो. तिन्हींत दोष एकच. कागदाची उलटतपासणी झालेलीच नसते. पक्षपात नाहीं असा साक्षीदार न्यायालयांतहि दुर्मिळ. त्याची साक्ष कोणत्या बाबतींत घ्यावी व कोणत्या बाबतींत सोडावी, हें ठरविणें हेंच परीक्षकाचें काम असतें.

एक परिचित उदाहरण घेऊं. श्रीशिवछत्रपतींच्या जन्मकाळाविषयीं चार उतारे विद्यार्थ्यापुढें ठेविले आहेत असें समजा. चिटणीशी बखरीसारख्या उत्तरकालीन बखरींत शके १५४९ चा वैशाख सांगितला आहे. ग्रँट डफच्या १८२६ सालीं छापलेल्या इतिहासांत इ. स. १६२७ चा मे महिना आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांतहि, जें स. म. दिवेकर यांनीं १९२७ सालीं प्रसिद्धीस आणलें, शके १५५१ च्या फाल्गुनांतील वद्य तृतीयाच आहे. प्रश्न असा: यांपैकीं कोणता काळ अधिक ग्राह्य, व कां?

साधी मोजदाद करणारा विद्यार्थी म्हणेल, दोन साधनें एका बाजूस व दोन दुसऱ्या बाजूस. म्हणून निर्णय होत नाहीं. येथेंच खरी परीक्षा आहे. डफसाहेबानें शिवचरित्रासाठीं मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीचा उपयोग केला होता. तेव्हां त्याची संमति ही दुसरी साक्ष नव्हे. पहिल्याच साक्षीचा तो प्रतिध्वनि होय. शिवाय ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाची, म्हणजे प्रसंगानंतर पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळानें लिहिलेली. उलट शकावली व शिवभारत यांचें नातें पाहावें. एक मावळांतील देशमुख घराण्याच्या दफ्तरांतील रुक्ष टिपण. त्यांतील नोंदी शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या. दुसरें महाराजांच्याच आश्रयास असलेल्या पंडिताचें काव्य. भाषा निराळी, हेतु निराळा, लिहिणाराची पायरी निराळी. आणि तिथि मात्र एक. साक्षी मोजावयाच्या नसून त्यांचीं मुळें शोधावयाचीं असतात, हें तत्त्व मुलास एवढ्या एका उदाहरणानें कळूं शकतें.

पुढची पायरी गणिताची. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो, असें मुलांनीं पाठ केलेलें असतें. त्या हिशेबानें १५५१ चे १६२९ होतात. परंतु फाल्गुन महिना शकवर्षाच्या शेवटीं येतो. तोंवर इसवी सनाचें नवें वर्ष लागलेलें असतें. म्हणून येथें ७९ मिळवावे लागतात व साल १६३० येतें. शके १५५१ चें संवत्सर शुक्लच होतें, हें साठ संवत्सरांच्या क्रमावरून ताडून पाहतां येतें. फाल्गुन वद्य तृतीयेस येणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या यूरोपीय गणनेची असून त्या दिवशीं वार शुक्रवारच पडतो. नव्या गणनेनें तोच दिवस १ मार्च १६३० होय. शक, संवत्सर, तिथि व वार हीं चारी अंगें एकमेकांशीं जुळावीं, हा योगायोग मानणें कठीण. कल्पनेनें घातलेल्या मितींत यांतलें एखादें अंग बहुधा फसतें. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारीस जयंती मानतें, ती या बळावर.

मग बखर टाकून द्यावी काय? तसें लिहिणाऱ्यासहि आम्ही पुरे गुण देणार नाहीं. जन्मतिथीस जी बखर दुर्बळ ठरली तीच, तिच्या लेखनकाळीं साताऱ्याच्या राजमंडळांत शिवचरित्राविषयीं काय समजूत होती, याचें उत्तम साधन आहे. प्रश्न बदलला कीं साधनाची किंमत बदलते. तसेंच, मातुःश्रींना त्या समयीं काय वाटलें, असें विचारल्यास शकावलीची ती नोंद गप्प बसते. आणि ‘या उताऱ्यावरून हें सांगतां येत नाहीं’ हेंच त्या ठिकाणीं खरें उत्तर होय. परंतु कोरी जागा सोडल्यास शून्य मिळेल या भयानें मुलें तेथें कल्पना लढवितात. न समजणें व साधनानें न सांगणें यांतला भेद उत्तरपत्रिका तपासणारानें ओळखला नाहीं, तर कल्पनेस बक्षीस व संयमास दंड असा उलटा न्याय होतो. पुढें हींच मुलें मोठीं होऊन इतिहासाच्या नांवानें भांडतात. त्या भांडणांचें बीज कित्येकदां अशा उत्तरपत्रिकांत असतें.

आतां दोष सगळा विद्यार्थ्याचा नव्हे. उतारा निवडणारा बहुधा पत्राचा मधला रसाळ भाग घेतो. मायना जातो, त्याबरोबर कोणी कोणास कोणत्या नात्यानें लिहिलें तें जातें. शेवटची ओळ जाते. तिच्याबरोबर चंद्र व महिना जातो. मोर्तबाचा व शिक्क्याचा उल्लेख जातो. मग अस्सल कोणतें व नक्कल कोणती हें विचारण्याची सोय उरत नाहीं. आपल्या खासगी पत्रांत कित्येकदां तिथि असते, साल नसतें. तें संपादक आंतील प्रसंगांवरून अनुमानानें कंसांत घालतो. प्रश्नपत्रिकेंत तो कंस गळतो आणि संपादकाचें अनुमान पत्रलेखकाच्या तोंडचें वचन बनतें. हात, पाय व शीर तोडलेल्या मूर्तीस ‘ही कोणाची?’ असें विचारून मुलाच्या अज्ञानाचें नवल करणें बरें नव्हे.

यास्तव आमची सूचना द्विविध आहे. प्रश्नकर्त्यांनीं उतारा चार ओळींनीं लहान करावा, परंतु लेखक, काळ, प्रयोजन व कागदाची जात सांगणारी एक ओळ त्याच्या माथ्यावर अवश्य द्यावी. मिती असल्यास ती मुळांतील रूपांतच ठेवावी आणि संपादकानें घातलेलें तें कंसांतच राखावें. संग्राहकांनीं आपल्याजवळचे रुमाल छापण्यास देतांना मायन्यापासून मोर्तबापर्यंत सर्व पाठ द्यावा, कागद कोणत्या घराण्याकडून आला तें नमूद करावें, आणि वाचन संशयित असेल तेथें तशी खूण करावी. प्रश्नकर्ता अखेर छापील खंडांतूनच उचलणार. खंडांत जें नाहीं तें प्रश्नपत्रिकेंत कोठून येईल?

मोडी वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. ज्या मुलास एकदां तरी पुरा कागद पाहून त्याच्याशीं प्रामाणिकपणें बोलतां आलें, त्यांतूनच उद्यांचा वाचणारा निपजेल. आणि ज्या घरांत असा वाचणारा असेल, त्या घरच्या दफ्तराच्या वाट्यास रद्दीचा तराजू येणार नाहीं.